देवापुढे काय घेऊन जाऊ?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या ओळखीच्या एक मावशी होत्या. त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं. रात्रपाळ्या केल्या, शेकडो बाळंतपणं पाहिली, साथीच्या दिवसांत घरचं विसरून वॉर्डात राहिल्या. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की लोक त्यांचंच दार ठोठावत. पुढे त्यांना पक्षाघात झाला आणि एक बाजू गेली. मी भेटायला गेलो तेव्हा भाची त्यांना चमच्याने पेज भरवत होती. प्रत्येक घासाला मावशी म्हणत होत्या, "तुला किती त्रास गं माझा!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आयुष्यभर मी दुसऱ्यांचं केलं. आता माझं दुसऱ्यांनी करायचं. देवापुढे जाताना मी काय घेऊन जाऊ?"

मावशी ख्रिस्ती होत्या. दर रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणाऱ्या. त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या धर्माने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे. काही घेऊन यायची गरज नाही, असं ते उत्तर. मावशींनी ते कितीतरी प्रवचनांत ऐकलं असणार. तरीही वेळ आली तेव्हा त्यांचं मन हिशेबच करत होतं. आज आपल्याशी बोलायचं आहे ते या उत्तराबद्दल, आणि ते पचवायला इतकं जड का जातं त्याबद्दल.

ख्रिस्ती धर्मात या उत्तराला एकच शब्द आहे, कृपा. आपण मराठीत हा शब्द सहज वापरतो. देवाच्या कृपेने पाऊस चांगला झाला, देवाच्या कृपेने मुलगा पास झाला, असं म्हणतो. ख्रिस्ती परिभाषेत त्याचा अर्थ जास्त नेमका आहे. जे मिळवलेलं नाही, ज्यावर हक्क नाही, तरीही देव जे देतो ती कृपा. आणि सर्वांत मोठी देणगी म्हणजे तारण, म्हणजे पापाची क्षमा होऊन माणसाचं देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. हे तारण पुण्य साठवून विकत घेता येत नाही. ते विश्वासाने स्वीकारायचं असतं.

येशूने हे तत्त्व व्याख्या करून सांगितलं नाही, गोष्टीतून सांगितलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ती गोष्ट आहे. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला बाहेर पडतो. आपल्याकडे शहरात सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात, तसंच ते दृश्य. दिवसाला एक दीनार अशी मजुरी ठरते आणि माणसं कामाला लागतात. नऊ वाजता मालक पुन्हा येतो आणि आणखी मजूर नेतो. मग बाराला, मग तीनला. संध्याकाळी पाच वाजताही तो येतो, तर अजून काही जण तिथेच उभे. त्यांना दिवसभर कुणी कामावर घेतलेलंच नसतं. मालक त्यांनाही मळ्यात पाठवतो.

मजुरी वाटायची वेळ होते. मालक शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो. तासभर काम केलेल्यांच्या हातावर तो पूर्ण दीनार ठेवतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आपल्याला आता जास्त मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो. ते कुरकुर करतात. दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं आणि यांना आमच्या बरोबरीने? मालक म्हणतो, तुमच्याशी जे ठरलं ते मी दिलं. माझ्या पैशातून मी याला उदारपणे दिलं, तर त्याचं तुम्हाला वाईट का वाटावं?

ही गोष्ट ऐकताना आपण बहुतेक जण पहाटेच्या मजुरांच्या बाजूने असतो. आपल्याला अन्याय दिसतो. पण पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या जागी जाऊन पाहा. दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची त्या दिवसाची भाकरी. तासाच्या हिशेबाने पैसे मिळाले असते तर त्याच्या घरी त्या रात्री पोटभर अन्न शिजलं नसतं. मालकाने त्याचे तास मोजले नाहीत, त्याची गरज पाहिली. कृपेची कल्पना इथे आहे. ती कुणाचं ठरलेलं कमी करत नाही. मात्र तुलना करणाऱ्याला ती फार बोचते.

येशूनंतर हा विचार नीट मांडला तो पौलाने. पौल हा यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, परुशी पंथाचा, नियम काटेकोरपणे पाळणारा. सुरुवातीला तो ख्रिस्ती लोकांचा छळ करत असे. स्तेफन या पहिल्या हुतात्म्याला दगडमार झाली तेव्हा तो तिथे संमती देत उभा होता. पुढे त्याचं आयुष्य पालटलं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तो आपलं कुळ, आपला पंथ, आपलं नियमपालन यांची यादी देतो आणि ही सगळी जमा आपण तोट्याच्या बाजूला टाकली असं सांगतो. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचा युक्तिवाद साधा आहे. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ती त्याचं येणं असते, देणगी नसते. देवाशी असलेलं नातं जर मजुरीचं असेल तर तिथे कृपेला जागाच उरत नाही.

मग पापाचं काय? देव ते नुसतं सोडून देतो का? ख्रिस्ती उत्तर असं की नाही, त्याची किंमत चुकवावी लागते, पण ती देवाने स्वतः चुकवली. येशूचा क्रूसावरचा मृत्यू हीच ती किंमत, अशी ही श्रद्धा आहे. म्हणून कृपा घेणाऱ्याला फुकट मिळते, देणाऱ्याला मात्र ती फार महाग पडलेली असते. हा धागा सुटला तर कृपेची सगळी शिकवण नुसती गोड गोड वाटू लागते.

आता पंधराशे वर्षं पुढे, जर्मनीत येऊ. मार्टिन ल्यूथर हा कायद्याचा विद्यार्थी. 1505 च्या जुलैत वाटेत त्याला वादळाने गाठलं, जवळच वीज पडली आणि भीतीने त्याने संन्यासी होण्याचा नवस केला. पंधरा दिवसांत तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. तिथे त्याने उपास केले, जागरणं केली, थंडीत देह कष्टवला. पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठत नसे, आणि उठून गेल्यावर काहीतरी राहिलं म्हणून परत येई. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स समजूत घालून थकले. ल्यूथरची अडचण खरी होती. आपण पुरेसं केलं, हे माणसाला कधी कळणार? दहा उपास पुरेसे की अकरा? ज्या देवाला प्रसन्न करण्यासाठी हे चाललं होतं त्याची त्याला भीती वाटू लागली, आणि भीतीतून राग येऊ लागला. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

1512 पासून तो विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवू लागला. रोमकरांस पत्र शिकवताना एका शब्दावर त्याचं मन सारखं अडत असे. तो शब्द म्हणजे देवाचं नीतिमत्त्व. त्याने आजवर त्याचा अर्थ न्यायाधीशाचं नीतिमत्त्व असा घेतला होता, म्हणजे माणसाला तोलणारं आणि कमी भरला की शिक्षा देणारं. पुष्कळ विचारानंतर त्याला वाटलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, तो ते देतो. पौलाचं वाक्य तेच राहिलं, फक्त देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या. आपल्यासाठी स्वर्गाचं दार उघडल्यासारखं वाटलं, असं त्याने म्हटलं आहे.

याच सुमाराला चर्चच्या वतीने शिक्षामाफीची पत्रं विकली जात होती. पैसे द्या आणि पापाची शिक्षा कमी करून घ्या, असा तो व्यवहार. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवा होता. 31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने त्याविरुद्ध 95 मुद्दे मांडले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. 1521 मध्ये त्याला बहिष्कृत केलं गेलं आणि पश्चिमेकडचा ख्रिस्ती समाज दुभंगला.

म्हणून कुणी असं समजू नये की प्रॉटेस्टंट कृपा मानतात आणि कॅथलिक कर्म मानतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये केलेल्या निवेदनातही पहिली कृपा कुणी स्वतःच्या लायकीने मिळवत नाही असं म्हटलं आहे. वाद होता तो पुढच्या पायरीचा. कृपा मिळाल्यावर माणसाच्या सहकार्याचा आणि सत्कर्मांचा वाटा किती? हा वाद साडेचारशे वर्षं चालला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, एवढं दोघांनी मिळून मान्य केलं. 2006 मध्ये मेथडिस्टांनीही त्याला संमती दिली.

माणसाचा वाटा किती, हा प्रश्न आपल्या देशालाही नवा नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत याच प्रश्नावर दोन शाखा झाल्या. वडकलै शाखेचा दृष्टांत वानराच्या पिलाचा. वानरी उडी मारते तेव्हा पिलाने तिच्या पोटाला घट्ट धरायचं असतं, तेवढं तरी त्याने करायलाच हवं. तेंकलै शाखेचा दृष्टांत मांजरीच्या पिलाचा. मांजरी पिलाला मानेला धरून उचलते आणि पिलू काहीच करत नाही. मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय म्हणतात तो हाच. रुडॉल्फ ओट्टो या जर्मन विद्वानाने भारतातल्या या कृपेच्या विचाराची ख्रिस्ती विचाराशी तुलना करणारं पुस्तकच लिहिलं. ल्यूथर मांजरीच्या बाजूचा, असं आपण गमतीने म्हणू शकतो. फरकही आहेच. ख्रिस्ती माणूस ही कृपा येशूच्या क्रूसाशी, इतिहासातल्या एका घटनेशी बांधतो. पण आपल्याच्याने होत नाही ही कबुली दोन्हीकडे सारखी आहे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

आता एक आक्षेप, जो पौलाच्या काळापासून घेतला जातो. सगळं फुकटच असेल तर चांगलं वागायचं कशाला? पाप करा, क्षमा आहेच! पौलाने हा प्रश्न स्वतःच उपस्थित करून त्याला ठाम नकार दिला आहे. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून असलेला विश्वास मेलेला आहे, असं बजावलं आहे. विसाव्या शतकात डीट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 1937 मध्ये स्वस्त कृपेविरुद्ध लिहिलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय कृपा, असं जे चर्चमधून वाटलं जातं ती कृपेची नक्कल आहे, हा त्याचा मुद्दा. त्याने स्वतः हिटलरच्या राजवटीला विरोध केला आणि 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आलं. ल्यूथरच्याच पंथातला हा माणूस. कृपेवरच्या विश्वासाने त्याला आळशी केलं नाही.

पण याचं उदाहरण शोधायला जर्मनीत जायला नको. आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहू या.

1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रेत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवणारे. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगत असे. व्रतं, उपास, दानधर्म सगळं यथासांग. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज. 1883 मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी वाँटेज इथे बाप्तिस्मा.

त्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात किती वादळ उठलं हे सर्वश्रुत आहे. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाई म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. ही आठ वर्षं कोणती? अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी निधी जमवला ती. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं पुस्तक लिहिलं ती. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं ती. कर्तृत्व म्हणून मोजायचं तर आयुष्यातली ही भरघोस वर्षं. आणि त्याच वर्षांबद्दल त्या म्हणतात, मन अस्वस्थ होतं.

त्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळक होते. 1851 मध्ये एका रविवारी आपलंच प्रवचन देता देता त्यांना जाणवलं, की दुसऱ्यांना सांगतो ते आपल्यालाच अजून लाभलेलं नाही. बोलता बोलताच त्यांच्या चेहऱ्यावर बदल दिसला आणि ऐकणाऱ्यांतला एक जण उठून ओरडला, पाळकसाहेबांचंच परिवर्तन झालं! रमाबाईंना नवल वाटलं. जो आधीच पाळक आहे त्याला आणखी काय हवं होतं? मग त्यांनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. 1891 च्या आसपास त्यांना उमगलं, की आपण धर्मही एक कमाईच समजत होतो. तारण पुढे केव्हातरी, पुरेसे चांगले झाल्यावर मिळायचं नाही. ते आत्ता, आहोत तसे असताना घ्यायचं आहे.

यानंतर रमाबाईंनी काम कमी केलं का? 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे धावल्या. उपाशी मुली पाहून त्यांना स्वतःचे दुष्काळाचे दिवस आठवले. सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आणलं आणि दौंडजवळ केडगावला मुक्तीसदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, अंध स्त्रियांसाठी ब्रेलचं शिक्षण होतं. आणि तिथे एक वेगळं घर होतं, फसवल्या गेलेल्या, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांचं. इंग्लंडमध्ये फुलहॅम इथे अशा स्त्रियांची सेवा करणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी पाहिलं होतं आणि हे काम कशाच्या बळावर चालतं असं विचारलं होतं. त्यांनी आपल्या घराला नाव दिलं, कृपासदन. त्या घराच्या दारात कुणाला चारित्र्याचा दाखला मागायचा नव्हता.

शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं.

म्हणजे फरक कामात पडला नाही, कामामागच्या हिशेबात पडला. आधी माणूस स्वीकारलं जावं म्हणून काम करतो. कृपा कळल्यावर, आपण स्वीकारले गेलो आहोत म्हणून करतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. आतल्या माणसाला मात्र ओझं आणि मोकळेपणा यातला फरक कळतो. आणि ज्या दिवशी हातपाय चालेनासे होतात त्या दिवशी तो फरक सगळ्यात जास्त कळतो.

हे मान्य करणं जड जातं, याचं कारण आपलं सगळं जगच मजुरीवर चालतं. शाळेत टक्के, नोकरीत बढती, घरातही कर्त्या माणसाला मान. त्याशिवाय व्यवहार चालणारही नाही. पण ज्याचं सगळं मोल त्याच्या उपयोगावर ठरलं, त्याच्या म्हातारपणी, आजारात, अपयशात त्याच्याजवळ काय उरतं? हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. कृपेची शिकवण कुणी मानो न मानो, हा प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते हे तिचं देणं आहे.

मावशींना मी त्यानंतर दोन-तीनदा भेटलो. शेवटच्या भेटीत भाची त्यांचे केस विंचरत होती. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. या वेळी त्या भाचीला त्रासाचं काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "द्यायला मी लहानपणीच शिकले. घ्यायला आत्ता शिकतेय." आणि भाचीला म्हणाल्या, "बाई, वेणी जरा सैल घाल."